शब्दचर्चा : सोन्याच्या कणावर चांदीचं 'कवच' की 'मुलामा'?

लेखणी :
धातूंच्या अब्जांश कणांवरच्या (नॅनोकणांवरच्या) एका लेखाचा अनुवाद करते आहे. आधी द्रावणात सोन्याचे कण घडवायचे आणि मग त्याच द्रावणात त्यांच्यावर चांदी चढवायची, असा विषय. आतल्या सोन्याला मी 'गाभा' म्हटलं, बाहेरच्या चांदीला 'कवच'. मजकूर तपासणाऱ्यांनी 'कवच' खोडून सगळीकडे 'मुलामा' केलं. त्यांच्या मते कवच वाचलं की विद्यार्थ्यांना अणूतली इलेक्ट्रॉनची कवचं आठवतात. ते खरंही आहे, के-एल-एम ही कवचंच आपण शिकलो. पण मुलामा मला खटकतो. मुलामा म्हणजे आत हलकं, वर भारी. इथे आत सोनं आहे आणि वर चांदी! काय ठेवावं?

खडू :
कवचच ठेवा. पृथ्वीलाही गाभा, प्रावरण आणि भूकवच असतं. भूगोलाच्या तासाला कवच ऐकून कुठलाही मुलगा इलेक्ट्रॉन शोधत नाही. संदर्भ कळला की मुलं अर्थ बरोबर लावतात, हे वर्गात रोज पाहतो. आणि गाभ्याशी कवचाची जोडी आधीच जमलेली आहे.

परीक्षानळी :
'कवच' ऐकलं की कोणाचं तरी रक्षण चाललंय असं वाटतं, आणि माझी अडचण तिथेच आहे. सोन्याच्या कणावर सिलिकाचा थर दिला तर कण एकमेकांना चिकटत नाहीत, तिथे कवच चपखल बसतं. पण पॅलेडियमच्या कणावर प्लॅटिनमचा पातळ थर का देतात? अभिक्रिया पृष्ठभागावर घडते, म्हणून महागडं प्लॅटिनम फक्त पृष्ठभागावर ठेवायचं. तिथे बाहेरचा थर कोणाची राखण करत नाही, सगळं काम तोच करतो.

आता उलट क्रम घ्या. आत चांदी, बाहेर सोनं. चांदीच्या कणांवर सोन्याच्या क्लोराइडचं द्रावण घातलं की सोनं बसतं खरं, पण चांदी विरघळायला लागते. चांदीचं प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या ओढीचं माप) 0.80 व्होल्ट, चार क्लोराइडांशी बांधलेल्या सोन्याचं साधारण 1.00. त्यामुळे सोन्याचा एक अणू बसताना चांदीचे तीन अणू आयन होऊन निघून जातात. कण आतून पोखरला जातो आणि शेवटी पोकळ सोनं उरतं. ज्या थराने गाभा खाल्ला, त्याला कवच म्हणायला माझी जीभ वळत नाही.

लेखणी :
हे लेखात आहे! 'गॅल्व्हानिक विस्थापन' असा शब्द योजलाय. पण मग नाव काय द्यायचं?

व्युत्पत्तीवेडा :
'मुलामा' मूळचा अरबी, चकाकी देण्याशी जोडलेला. त्यात दिखाऊपणा आलाच. मी 'कल्हई' सुचवतो. तोही शब्द अरबीतून आलेला, पण त्यात फसवणूक नाही, उपयोग आहे. एका धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर, याला इतका रुळलेला शब्द आपल्याकडे दुसरा नाही.

परीक्षानळी :
कल्हईत कथील वितळवून फासतात. इथे काही वितळत नाही, कोणी फासत नाही. सोन्याच्या कणांचं लालभडक द्रावण घ्यायचं, त्यात चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारं एस्कॉर्बिक आम्ल घालायचं आणि ढवळत ढवळत सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडायचं. लाल रंग नारिंगीकडे झुकतो, मग पिवळा होतो. सोन्याच्या कणांचं प्रकाशशोषण 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतं, चांदीच्या कणांचं 400 च्या आसपास. त्यामुळे थर जाड होतोय हे डोळ्यांनी दिसतं. घाई केली तर चांदी सोन्यावर बसायच्या ऐवजी स्वतःचेच वेगळे कण करते.

म्हणून मी नामापेक्षा क्रियापद आधी ठरवीन. प्रयोगशाळेत आम्ही 'चांदी धरली' म्हणतो. दुधावर साय धरते तशी. 'चढवली' म्हटलं की करणारा कोणी दुसराच वाटतो. इथे अणू आपले आपण जागा घेत जातात.

खडू :
'धरली' सुंदर आहे. पण पाठ्यपुस्तकात चालेल?

परीक्षानळी :
का चालू नये? 'सोन्यावर चांदी एकसारखी धरते, तांबं तसं धरत नाही' हे वाक्य कोणालाही कळेल. कारणही लगेच देता येतं. सोन्याच्या स्फटिकजालकाची, म्हणजे अणूंच्या मांडणीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या चौकटीची, बाजू 4.08 अँगस्ट्रॉम, चांदीची 4.09, तांब्याची 3.61. चांदी सोन्यावर जवळजवळ बेमालूम बसते, तांब्याला ताण सोसावा लागतो आणि थर सलग येणं अवघड होतं.

व्युत्पत्तीवेडा :
मग नाम मी देतो. 'गाभा' हा 'गर्भ'वरूनच आलेला. गाभारा, गर्भरेशमी, गर्भश्रीमंत, सगळं एकाच घरचं. तर 'सुवर्णगर्भ रजतकण' म्हणा. हिरण्यगर्भ शब्द आपल्याकडे हजारो वर्षं आहे, त्याचा एक अर्थ 'ज्याच्या आत सोनं आहे तो' असाही लावता येतो. दोन धातूंच्या चिन्हांमध्ये ॲटचं चिन्ह (@) घालून लिहितात ना, डावीकडे आतला आणि उजवीकडे बाहेरचा, ते मराठीत वाचायची सोयही यात झाली.

खडू :
सोन्या-चांदीपुरतं छान. 'पॅलेडियमगर्भ प्लॅटिनमकण' विद्यार्थ्यांच्या तोंडी बसेल असं मला वाटत नाही. संस्कृत समास केला म्हणजे मराठी झालं, हे मला मान्य नाही. 'आत पॅलेडियम, वर प्लॅटिनम' यात काय कमी आहे?

व्युत्पत्तीवेडा :
संज्ञा आणि वर्णन यांत फरक असतो. कोशात 'आत अमुक, वर तमुक' अशी नोंद कशी करणार? परिभाषा नेमकी हवी, आणि नेमकेपणा समासातूनच येतो. 'कलिल' (द्रवात सूक्ष्म कण तरंगत राहिलेलं मिश्रण) शब्दही सुरुवातीला अवघडच वाटला असेल. गीतेतल्या 'मोहकलिल'मधला शब्द, आज शाळेत सर्रास चालतो.

खडू :
चालतो, पण कळतो का? मुलं 'कलिल' पाठ करतात आणि बोलताना कोलॉइडच म्हणतात. 'क्षपण'चीही (रिडक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणं) तीच गत.

व्युत्पत्तीवेडा :
क्षपणाचा विषय काढलात, तर त्यावर माझा जुना आक्षेप आहे. क्षपण म्हणजे घटवणं, झिजवणं. 'क्षपणक' म्हणजे जुन्या संस्कृतात दिगंबर साधू! इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'परत आणणे'. खनिजातून धातू परत आणणे. भाषांतर करताना तो अर्थच सुटला.

परीक्षानळी :
सुटला असं नाही म्हणता येणार. सोन्याच्या आयनावर तीन धन प्रभार असतात, इलेक्ट्रॉन मिळाले की तिनाचं शून्य होतं. घटतंच की! सिट्रेट किंवा एस्कॉर्बिक आम्ल तेच घडवून आणतं. असं क्षपण घडवणाऱ्या पदार्थाला 'क्षपणक' म्हणणं अगदी योग्य आहे.

व्युत्पत्तीवेडा :
अंक घटतो, पण धातू तर मिळतो. मिळण्याला घटणं कसं म्हणायचं? 'प्रत्यानयन' का नको?

खडू :
कृपा करून नको. पिढ्यान्‌पिढ्या क्षपण शिकवलंय, उत्तरपत्रिकांत तोच शब्द आहे.

लेखणी :
मजकूर उद्या द्यायचा आहे. 'धरली' वाक्यांत घेते आहे. शीर्षकात 'गाभा-कवच' ठेवलं तर चालेल ना?

व्युत्पत्तीवेडा :
शीर्षकाचं नंतर बघू. 'प्रत्यानयन' नको असेल तर 'धातुकरण' घ्या, पण क्षपण बदलायलाच हवं.

परीक्षानळी :
धातुकरण कसं चालेल? क्षपण फक्त धातूंचंच होतं का? क्लोरीनचं क्लोराइड होतं तेही क्षपणच आहे, आणि तिथे धातू कुठेच नाही.