आईची शुगर उतरत नाही आणि हिरड्यांतून रक्त यायलंय, दोन्हीचा काही संबंध असतो का?

विडीघरकुलकर:
नमस्कार मंडळी, आई ५८ वर्षांची, आयुष्यभर विड्या वळल्या, शुगर १० वर्षांपासून. गोळ्या टाइमवर घेते, गोड बंद आहे तरी एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) ९ च्या खाली येईना. त्यात दोन महिने झाले ब्रश केला की रक्त यायलंय, खालचे पुढचे दात हलायलेत, तोंडाला वास येतो म्हणून चारचौघात बोलायचंच टाळायलीय. कडक भाकरी आता चावत नाही, मग चहात टोस्ट नाहीतर मऊ भात. दाताच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर शेजारच्या काकू म्हणतात शुगरवाल्यानं दाताला हात लावू द्यायचा नाही, जखम भरत नाही. खरंय का हे?

अण्णांची_लेक:
आमच्या अण्णांचं सेम होतं. शुगरच्या डॉक्टरांनी पाय बघितले, डोळे तपासायला लावले, किडनीची टेस्ट केली, पण तोंड उघडा असं ६ वर्षांत कुणी म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी आम्हीच हिरड्यांची सफाई करून घेतली, तीन वेळा जावं लागलं. नंतर शुगर थोडी उतरली, पण तेव्हाच त्यांनी रोज चालणं पण सुरू केलेलं, म्हणून सगळं दातामुळंच झालं असं नाही म्हणणार. भाकरी मात्र परत खायलेत, आणि तो टोस्टचा मैदा बंद झाला हे पण मोठं आहे बरं का.

दातांची_डॉक्टर:
मी सोलापुरातच प्रॅक्टिस करते. संबंध आहे आणि दोन्हीकडून आहे. शुगर जास्त राहिली की हिरडी जंतूंपुढं कमी पडते, पायोरिया वाढतो, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, म्हणून दात हलतात. आणि हिरडीत सूज, पू कायम राहिला की त्याचा परिणाम रक्तावाटे अंगभर होतो, इन्सुलिन नीट काम करत नाही. हिरड्यांची ट्रीटमेंट केल्यावर ३-४ महिन्यांत एचबीएवनसी साधारण ०.३ ते ०.५ नी उतरतं असं अभ्यासांत दिसलंय, म्हणजे ९ चं ६ होणार नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. जखमेची भीती अगदी खोटी नाही, शुगर खूप वाढलेली असताना दात काढायचा तर आम्हीही जपूनच करतो, पण इथं आधी हिरडीखालचं कीटण काढायचंय, त्याला घाबरू नका. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळी घेऊनच आणा, उपाशी आणू नका, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा. मिश्री लावतात का त्या? ती भाजलेली तंबाखूच आहे, हिरडीची वाट लागते तिनं.

विडीघरकुलकर:
मनापासून आभार मॅडम, ताई तुमचे पण. गुरुवारी सकाळची वेळ घेतली, आईला तुमचा मेसेज वाचून दाखवला तेव्हा कुठं तयार झाली. मिश्री लावते, दिवसातून दोनदा, लग्नाआधीपासून. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते. कुणाच्या घरी सुटली असेल तर कशी सोडवली सांगा प्लीज.