थँक्सगिव्हिंगसाठी अख्खी टर्की धुरावर शिजवताना

प्रश्न: थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी येणारा अमेरिकी सण) सासरची मंडळी न्यू जर्सीत आमच्याकडे येणार असून, १४ पौंडांची अख्खी टर्की अंगणातल्या स्मोकरमध्ये (लाकडाच्या धुरावर मांस शिजवणारी भट्टी) करण्याचा विचार आहे. आच किती ठेवावी आणि पोटात सारण भरावे का?

उत्तर: सारण मुळीच भरू नये. धुराच्या मंद आचेवर पोटातला भाग सावकाश तापतो आणि ४० ते १४० अंश फॅरनहाइट या जंतूंना मानवणाऱ्या टप्प्यात रेंगाळतो. त्यापेक्षा पाठीचा कणा कात्रीने काढून पक्षी सपाट उलगडल्यास तो लवकर आणि सारखा शिजतो. अख्खी टर्की ताटात मिरवण्याची हौस मात्र सोडावी लागते.

उत्तर: २२५ अंशांवर कातडी चिवट राहते, म्हणून मी आच २७५ ते ३०० अंशांपर्यंत ठेवतो. लाकूड सफरचंदाचे किंवा चेरीचे घ्यावे, कारण मेस्कीट या झाडाच्या लाकडाचा उग्र धूर टर्कीची मूळ चव झाकून टाकतो. धुरामुळे शिजलेले मांसही गुलाबी दिसते, त्यामुळे रंगावर न विसंबता मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसावा आणि १६५ अंश दिसल्यावरच उतरवावी.

उत्तर: गोठवलेली आणणार असाल तर आधीच्या रविवारीच फ्रीझरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फ सुटायला चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो.