काट्याचा सी प्रोग्राम: लॅपटॉपवर गप्प, विंडोजवर वॉर्निंग, पायवर लूप थांबेना

रावेरचा_काटेवाला
राम राम मंडळी. काकांच्या केळीच्या काट्यासाठी सीमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. काटा सिरियल पोर्टवरून वजन पाठवतो, ते फाइलमध्ये साठतं, संध्याकाळी गाडीवार बेरीज निघते. माझ्या उबुंटू लॅपटॉपवर जीसीसी (सीचा कंपायलर) काहीच बोलत नाही. ऑफिसच्या विंडोजवर मिंगडब्ल्यूने (विंडोजसाठीचं जीसीसी) बिल्ड केला तर तारखेच्या प्रिंटएफला म्हणतो, '%एलडी'ला लाँग (पूर्णांकाचा टाइप) हवा, तुम्ही टाइम-टी (वेळेचा टाइप) दिलाय. काट्याजवळच्या रास्पबेरी पाय या छोट्या एआरएम संगणकावर 'ही तुलना कायम खरी' अशी वॉर्निंग येते, आणि फाइल वाचणारा लूप संपतच नाही. तिथे कॅर (एका अक्षराच्या) टाइपच्या व्हेरिएबलमध्ये एफगेटसी (फाइलमधलं पुढचं अक्षर देणारं फंक्शन) घेऊन ईओएफपर्यंत (फाइल संपल्याची खूण) फिरतोय. काल तीन गाड्या भरून उभ्या होत्या, वजनं वहीत लिहावी लागली.

धुळ्याचा_कोडर
'-डब्ल्यू' (लहान अक्षरातला) लावा, सगळ्या वॉर्निंग बंद. पायवर '-एफसाइन्ड-कॅर' द्या, लूप थांबेल. सीझनमध्ये एवढं पुरे.

भुसावळकर
काटेवाला भाऊ, असं करू नका, कळकळीने सांगतो. पायची वॉर्निंग खरं बोलतेय. एआरएम लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड (उणे आकडे न धरणारा) असतो, 0 ते 255. ईओएफ उणे असतो, तो त्यात कधीच सापडणार नाही. तुमच्या लॅपटॉपवर कॅर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) आहे म्हणून लूप थांबतो, पण तिथेही कोड चूकच आहे: तारेतल्या गडबडीने 255 चा बाइट आला की तो साइन्डमध्ये उणे 1, म्हणजे ईओएफसारखाच होतो आणि फाइल अर्ध्यातच संपल्यासारखी वाटेल. '-एफसाइन्ड-कॅर'ने हे दुखणं पायवरही येईल. एफगेटसी इंट परत करतो, व्हेरिएबल इंट करा. लॅपटॉपवर '-एफअनसाइन्ड-कॅर' लावून बिल्ड केलंत तर पायचा घोळ घरीच दिसेल.

तारखेचं कारण वेगळं. 64 बिट लिनक्सवर लाँग 8 बाइटचा, विंडोजवर 64 बिटमध्येही 4 चाच. टाइम-टी मात्र तिथे 8 बाइटचा आहे. लाँग लाँग टाइपमध्ये बदलून (कास्ट करून) '%एलएलडी'ने छापा, तिन्हीकडे चालेल.

एवढं का सांगतोय? शहाद्याकडच्या एका जिनिंगसाठी मी कापसाच्या वजनाचा हिशेब लिहिला होता. एकूण वजन ग्रॅममध्ये, लाँगमध्ये. विंडोजवर '-डब्ल्यूकन्व्हर्जन' हा जीसीसीचा पर्याय सांगत होता की इंट64 (8 बाइटचा पूर्णांक) मधून लाँगमध्ये टाकताना आकडा बदलू शकतो. माझ्या लिनक्सवर ती ओळ स्वच्छ होती, म्हणून मी ती वॉर्निंग बंद केली. सीझनभराची आवक 21,474 क्विंटलपुढे गेली आणि एकूण वजन उणे दिसू लागलं. 4 बाइटमध्ये 2,14,74,83,647 च्या पुढे मावत नाही. दोन रात्री मुनीमजींसोबत पावत्या पुन्हा जुळवल्या. शेतकऱ्याचा माल त्या आकड्यावर तोलला जातो भाऊ.

'-वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा' (जास्त वॉर्निंग दाखवणारे पर्याय) तिन्हीकडे ठेवा. '-डब्ल्यूएरर' (वॉर्निंगलाही चूक धरून बिल्ड अडवणारा) फक्त तुमच्या मशीनवर. दुसऱ्याच्या नव्या जीसीसीत नवी वॉर्निंग निघाली तर त्याचं बिल्ड अडायला नको.

रावेरचा_काटेवाला
इंट केलं, पायवर लूप थांबला. जुना कोड '-एफअनसाइन्ड-कॅर'ने लॅपटॉपवर चालवला, तिथेही अडकला. विंडोजवर '-डब्ल्यूकन्व्हर्जन'ने 11 ओळी दाखवल्या, त्यातल्या एकीत सीझनची बेरीज लाँगमध्येच आहे. आज रात्री बसून ती इंट64 करतो, उद्या पहाटे पहिली गाडी आहे.