‘स्टेपल फूड’ला मराठीत काय म्हणाल? (हवाईचा कालो, पोई वगैरे)

हवाईवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात ‘कालो हे तिथल्या मूळ लोकांचं स्टेपल फूड’ असं सारखं येतंय. ‘मुख्य अन्न’ लिहिलं की भूगोलाचं पुस्तक वाटतं, ‘प्रधान अन्न’ तर त्याहून वाईट. आणि कालो म्हणजे आपलं अळूच ना? सरळ अळू लिहू का?

—

वनस्पती तीच आहे ताई, पण अळू म्हटलं की आपल्याला फदफदं नाहीतर अळूवडी आठवते, म्हणजे पान. तिथे खरा मान गड्ड्याला. तो शिजवायचा, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटायचा, घट्ट गोळा झाला की ती पाइआइ, आणि त्यात पाणी घालून सैल केलं की पोई. दोन-तीन दिवसांनी आंबते, आंबटच आवडणारेही आहेत. खाज तिथेही आहेच, कच्चं कोणी खात नाही. कालोच ठेवा, पहिल्यांदा कंसात ‘अळूचा गड्डा’ द्या.

—

हवाईयन भाषेत ‘आइ’ म्हणजे अन्न, खाणं, आणि खास करून कालो किंवा पोई (आपल्या आईशी संबंध नाही, कृपया कोणी व्युत्पत्ती जोडत बसू नका). ‘इआ’ म्हणजे मासा, पण पोईबरोबर जे काही तोंडी लावायला असेल त्यालाही इआच. म्हणजे जेवण पोईचं, बाकी सगळं कालवण. म्हणून मी तरी ‘रोजचं जेवण’ लिहीन, मुख्य-बिख्य काही नको.

आणि नातं नुसतं पोटाचं नाहीये. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं तिथे कालो उगवला, दुसरा मुलगा हालोआ, त्याच्यापासून माणसं. म्हणजे कालो थोरला भाऊ. मूळ गड्ड्याच्या कडेने पिल्लं फुटतात, केळीला मुनवे येतात तशी, त्यांना ओहा म्हणतात, त्यावरून ओहाना, म्हणजे कुटुंब. पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही असा रिवाज. हवाई युनिव्हर्सिटीने कालोच्या तीन जातींवर पेटंट घेतलं होतं तेव्हा लोक चिडले ते याचमुळे, थोरल्या भावाचं पेटंट कसलं काढता, शेवटी 2006 मध्ये ते सोडावं लागलं.

—

मस्त माहिती. पण लेखात पुढे तिथे सगळे भात खातात असंही आहे, मग कालोला ‘रोजचं जेवण’ कसं म्हणू?

—

तीच तर गोची आहे. उसाच्या मळ्यांनी ओढ्यांचं पाणी वळवलं, कालोची खाचरं सुकली, काही खाचरांत 19व्या शतकातच चिनी शेतकऱ्यांनी भात लावला, मग मळ्यांवर जपानी, फिलिपिनो मजूर आले. आता तिथला प्लेट लंच म्हणजे दोन मुदी भात, मॅकरोनी सॅलड आणि काहीतरी मटण-चिकन, शिवाय वेगळा खाऊ म्हणजे भातावर स्पॅमचा (डबाबंद डुकराच्या मांसाचा) काप ठेवून वर समुद्री शेवाळाची पट्टी. भाताला हवाईयन भाषेत लाइकी म्हणतात, ‘राइस’वरूनच आलेला शब्द, म्हणजे पाहुणा ते लगेच कळतं! पोई आता महाग, बऱ्याच घरांत समारंभापुरती. हाताने कुटलेली पाइआइ तर आरोग्याच्या नियमांत बसत नव्हती, ती विकता यावी म्हणून 2011 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. स्वतःच्या बेटावर थोरला भाऊ बेकायदा, काय बोलायचं.

तेव्हा ‘एकेकाळचं रोजचं जेवण’ लिहा. पण ‘गेलं, संपलं’ असा सूर नको हो, तरुण मंडळी परत खाचरं साफ करून कालो लावतायत, शाळेतली पोरं चिखलात उतरतात.

—

अजून एक, ‘हवाईयन’ शब्द जपून वापरा. तिथे राहणारा प्रत्येक जण हवाईयन नसतो, मूळ वंशाच्या लोकांनाच तसं म्हणतात, बाकीचे ‘लोकल’. दोन मुदी भात हे लोकल खाणं, पोई हवाईयन. अननसवाला पिझ्झा तर कॅनडातला, तो दोन्हीत नाही. आणि लुआउ म्हणजे पार्टी असं सगळे लिहितात, मुळात लुआउ म्हणजे कालोचं कोवळं पान, मेजवानीला ते नाव नंतर पडलं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला ‘अळू’ म्हणायला लागलो असतो तर जसं झालं असतं तसं.

—

ओके, मग ‘कालो’ तसंच ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला ‘पूर्वी रोजच्या जेवणातला’ असं करते. लाइकीचं वाक्य घेतलं तर चालेल ना?