मरणाऱ्या माणसाचं चित्र घरच्यानेच काढावं का?

कुडाळकर:
फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची बायको कामीय 1879 मध्ये गेली, वय 32. तिच्या उशाशी बसून त्याने तिचा चेहरा रंगवला, निळा-करडा-पिवळट. मागाहून मित्राला त्यानेच सांगितलं की मरण तिच्या चेहऱ्यावर एकेक रंग चढवत होतं आणि आपली नजर नकळत तेच टिपत बसली. लोक त्याला निर्दयी म्हणतात. मला नाही पटत. ज्याला रडायला जमत नाही, त्याने हात चालवला तर बिघडलं कुठे?

देवगडवाली:
माका ह्या पटणा नाय. आजारी माणसाक कोणी इचारलला? तो स्विस चित्रकार होडलर बघ. त्येची मैत्रीण व्हालेंतीन कॅन्सरान झिजत होती, 1915 च्या जानेवारीत गेली, तवसर ह्यो शंभरावर चित्रां काढीत बसलो. आमच्याकडे मयताच्या घरात कोणी मोबाईल वर केल्यान तर म्हातारे हाताक धरून खळ्यात काढतले.

कुडाळकर:
मोबाईलचं काम क्षणाचं. होडलर महिनोन्महिने तिच्याजवळ होता. आपले नातेवाईक काय करतात? सफरचंदं ठेवतात, सलाईनकडे बघतात, ‘होईल हां बरं’ म्हणतात आणि शेवटची एसटी गाठतात.

रत्नांग्रीचा:
नॉर्वेच्या चित्रकार मुंकला विसरलात दोघंही. त्याची बहीण सोफी 1877 मध्ये क्षयाने गेली, 15 वर्षांची. ‘आजारी मूल’ त्याने रंगवलं 1885-86 मध्ये, आणि समोर बसवली दुसरीच मुलगी. शेजारी मान खाली घातलेली बाई मात्र त्याची मावशी. रंग चढवला, खरवडला, परत चढवला. ओरखडे अजून दिसतात. पुढची 40 वर्षं तो हेच चित्र पुन्हापुन्हा काढत राहिला. हे मला चालतं. मधे काळ गेलेला असतो. उशाशी कागद नको.

कुडाळकर:
म्हणजे आठवणीतून काढलं की सोफीची परवानगी मिळाली?

रत्नांग्रीचा:
परवानगी नाही, पण निदान तिचा श्वास चालू असताना तिच्याकडे चित्र म्हणून बघितलं नाही. आपल्याच कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी बघा, चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगतात ती. शोक तिथेही असतो, पण रामायण-महाभारतातल्यांचा. चित्रातली माणसं मोठ्या डोळ्यांनी नुसती बघतात, रडतो तो गाणाऱ्याचा आवाज.

कुडाळकर:
म्हणजे देवादिकांनी रडायचं आणि घरातल्या दुखण्यावर चादर ओढायची. क्षयाचं नाव न घेता माणसं गेली आपल्याकडे, ती याच सभ्यतेने.

देवगडवाली:
ह्या मात्र खरा. तरी माझ्या खाटेकडे वही घेवन येव नको, इतक्याच सांगतंय.