महाडीबीटीचा अर्ज परत आलाय, आता काय करायचं?

बार्शीची आई
नमस्कार. मुलगी यंदा कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागली. आम्ही ओबीसी. मी ब्लाऊज शिवते, मिस्टर टेम्पो चालवतात. मुलींचं शिक्षण शुल्क 2024 पासून पूर्ण माफ झालंय म्हणून धीर करून पाठवलं. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवरचा, फॉर्म इथल्या नेट कॅफेत भरून घेतला. काल लॉगिन केलं तर 'सेंड बॅक' दिसतंय, शेऱ्यात उत्पन्नाच्या दाखल्याचं काहीतरी इंग्रजीत लिहिलंय. म्हणजे नाकारला का? त्यात कॉलेज डेव्हलपमेंट फी मागतंय. सगळंच माफ असतं ना? पोर फोनवर रडते, "आई, परत येऊ का" म्हणते. कुणीतरी नीट सांगा.

जुना क्लार्क
ताई, आधी लेकीला फोन लावा आणि सांगा, अर्ज नाकारलेला नाही. दुरुस्तीला परत आलाय. मी 14 वर्षं कॉलेजात स्कॉलरशिपच्या टेबलावर होतो, सगळ्यात जास्त अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावरच अडकायचे.

आता दाखला हातात घ्या. तहसीलदारांचा आहे ना? तलाठ्याचा चालत नाही. 31 मार्च कुठल्या सालापर्यंत वैध लिहिलंय ते बघा. मुदत गेली असेल तर सेतूत जाऊन नवा काढा. मुदत असेल तर दाखल्यावरचा बारकोड नंबर फॉर्ममधल्या नंबराशी बोट ठेवून जुळवा, एकेक अंक. एका पोराबरोबर मी तासभर बसलो होतो, शेवटी 3 चा 8 झालेला सापडला. अपलोड केलेली फाईलही उघडून बघा, दाखला पूर्ण दिसतो का ते.

दुरुस्त करून पुन्हा सबमिट करा, मुदतीच्या आत. आणि त्याच दिवशी मुलीला कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर पाठवा. अर्ज आधी क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. मुलं विचारायला येतच नाहीत आणि अर्ज पहिल्याच टेबलावर पडून राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माफी फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस त्यात नाही. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहून हप्ते मागा. मागायला लाजू नका.

मुलगी खोली घेऊन राहते का? सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर ओबीसी मुलामुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. जागा मोजक्या असतात, अर्ज वेगळा करावा लागतो. पुण्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात आधी अटी विचारून घ्या.

तिसरं वर्ष, मेकॅनिकल
काकू, एक गोष्ट आत्ताच करा. आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बघा. माझा निर्वाह भत्ता आला नाही म्हणून मी चार महिने सगळ्यांना विचारत फिरलो. पैसे शाळेत असताना काढलेल्या खात्यात जाऊन पडले होते. पासबुक कपाटात, खातं बंद पडल्यासारखं. फॉर्मवर कुठलंही खातं लिहा, पैसे आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यातच जातात. ओटीपीसाठी आधारचा मोबाईल नंबरही चालू ठेवा.

बार्शीची आई
दादा, सापडलं! दाखल्याची मुदत आहे, नंबरही बरोबर. पण मोबाईलवर फोटो काढताना खालचा भाग कापला गेला होता, बारकोड अर्धाच आलेला. शिलाई मशीनच्या फळीवर दाखला सरळ ठेवून खिडकीच्या उजेडात पुन्हा फोटो काढला, रात्रीच अपलोड केला. आज मुलगी टेबलावर जाऊन आली. मॅडमनी तिच्यासमोर अर्ज पुढे पाठवला, डेव्हलपमेंट फीचे तीन हप्ते करून दिले. आधार मात्र जुन्याच खात्याला आहे. शनिवारी ती घरी येतेय, तेव्हा बँकेत जाऊ. सावित्रीबाई फुले योजनेचं तिला आजच सांगितलं, सोमवारी कार्यालयात जाऊन येईल. तुम्हा दोघांचे फार उपकार झाले.