फिशटँकमधला वाळका पाला आणि आपलं बोरचं पाणी

खारपाणपट्टा:
हल्ली जो तो सांगतो, टँकमध्ये देशी बदामाची वाळकी पानं टाका, पीएच (पाण्यात आम्ल वाढलं की खाली येणारा आकडा) उतरतो, मासे ठणठणीत राहतात. पानांची पाकिटं कुरिअरनं मागवणारे आमच्या गावातही निघाले. माझं मत, अकोला-दर्यापूर भागात हा पैशाचा चुराडा आहे. आमच्या बोरचं पाणी कुलरच्या ताट्यांवर एका उन्हाळ्यात पांढरा थर चढवतं. पानांतून सुटणारी आम्लं दुबळी, पाण्यातल्या एवढ्या बायकार्बोनेटपुढे, म्हणजे आम्ल झेलणाऱ्या क्षारापुढे, त्यांचं काय चालणार? पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि पीएच जागचा हलत नाही.

फायटरवाला:
पीएच म्हणजेच सगळं नाही जी. थायलंडचे फायटर (बेटा मासे) पाळणारे ही पानं पूर्वीपासून वापरतात. नर फायटर तरंगत्या पानाच्या खाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो, ते बघा एकदा. पान तळाला बसलं की थोड्या दिवसांत त्यावर बुळबुळीत साय धरते. पिल्लं दिवसभर तीच टोचत असतात, शेवटी पानाची नुसती जाळी उरते. बारक्या पिल्लांना याहून सोपं खाणं कोणतं? रंगानं उजेड कमी होतो, शेवाळही जरा आटोक्यात राहतं. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका.

बांधावरचा:
कुरिअर कायले पायजे बाप्पा? शायेच्या मैदानात बदामाचं झाड हाये, खाली पाचोया पडूनच रायते. हिरवं तोडू नोका, आपोआप गयलेलं, तपकिरी झालेलं घ्या, धुवा, रातभर पान्यात भिजू द्या. पन कपाशीच्या बांधावरचा पाला आनू नोका. फवारा उडते त्याच्यावर. पायरेथ्रॉइडवालं औषध मासोयीले लय जहर हाये, थोडंसंबी पुरते.

तळ्याकाठी:
झाडाचं आहे म्हणजे निरुपद्रवी, हे डोक्यातून काढा. आमच्या भंडाऱ्याकडे मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला काय टाकतात? मोहाची ढेप. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी साधारण २५०० किलो. त्यातलं सॅपोनिन मासे मारतं. तेही झाडाचंच की!

फायटरवाला:
ढेप बियांची, आपण बोलतोय पानांबद्दल. ही तुलना म्हणजे ओढून ताणून आणलेली. बदाम, अर्जुन, ऐन, बेहडा हे सगळे टर्मिनालिया, एकाच कुळातले. आपल्या जंगलात त्यांचा पाला ढिगानं आहे.

तळ्याकाठी:
कूळ एक म्हणून गुण एक होत नाही. बदामाची पानं इतक्यांनी वापरून पाहिली, बेहड्याची कोणी पाहिली? आधी वेगळ्या बादलीत, दोन गप्पी माशांवर बघा, मग टँककडे वळा.

जारवाला:
आम्ही तर गावातल्या आरओ प्लांटचा जार ओततो टँकमध्ये. तिथं पानं चालतात का?

खारपाणपट्टा:
तुमच्याकडे उलटी गत. आरओच्या पाण्यात आम्ल झेलणारं काही उरतच नाही, त्यामुळे पीएच भसकन खाली येऊ शकतो. थोडं बोरचं पाणी मिसळा आणि पान एकच टाका. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरत असाल तर त्यालाही हेच लागू, पहिल्या सरीचं सोडून द्यायचं.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. मे महिन्यात टँकचं पाणी कोमट होतं, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. त्यात रात्री लाइट गेली की पंप बंद, आणि सडणारा पाला उरलासुरला ऑक्सिजनही खातो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते उगाच नाही. थंडीत एखादं पान ठीक आहे, उन्हाळ्यात टँकभर पाला पसरणं म्हणजे वेडेपणा.

बांधावरचा:
हे बराबर. उन्हायात मोठ्या टँकातला पाला मी बाहेरच काढतो. फायटरच्या डब्यात एक ठेवतो, थो हवा वरून घेते, त्याले एवढा तरास नाही.

फायटरवाला:
उन्हाळ्याचं पटलं. बाकी पानं राहणारच माझ्याकडे.

खारपाणपट्टा:
पिल्लांना खायला, लपायला म्हणून ठेवा, माझी काय हरकत! पण पाकिटावर 'पीएच कमी करते' छापणाऱ्याला आमच्या बोरची एक कॅन पाठवायला मी तयार आहे. खर्च माझा. त्यानं उतरवून दाखवावा.